साहेब, सिंध, सुलतान आणि डोंबिवलीकर

लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाला इतिहासाची आवड आपोआप लागते. तासभर एका पायावर उभे राहिले (दुसऱ्या पायावर बहुधा दुसरे कोणीतरी उभे असते), की मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे सगळे सुरू केले कोणी?

रेल्वेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर चक्क नावानिशी सापडते. जॉर्ज क्लार्क, मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर. हे गृहस्थ १८४३ साली भांडुपला गेले होते आणि तिथे त्यांच्या मनात आले, की मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटापर्यंत आगगाडी नेली तर काय होईल? माणसे भांडुपला जातात ती एखाद्या लग्नाला, नाहीतर उसने दिलेले पैसे परत मागायला. हा गृहस्थ तिथून रेल्वे घेऊन परतला. तेव्हा भांडुपला माणसे कमी आणि ताडाची झाडे जास्त असणार, म्हणून त्याला हे सुचू शकले. आज संध्याकाळी सहाला क्लार्कसाहेब भांडुपच्या फलाटावर उभे राहिले असते, तर त्यांच्या मनात एकच विचार आला असता, पुढची गाडी सोडून द्यावी काय?

कल्याण हे मुंबईचे उपनगर आहे असे कोणी म्हटले, की आमच्या डब्यातले एक रिटायर्ड शिक्षक चवताळून उठतात. म्हणजे बसलेले असले तर उठतात, एरवी उभ्याउभ्याच चवताळतात. "अहो, इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक खलाशाने कल्याण बंदराची नोंद केलीय. तेव्हा तुमच्या फोर्टात मासे वाळत होते!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. 'पेरिप्लस' नावाच्या त्या जुन्या ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत मराठी आरमाराची सुरुवात झाली. मुंबई ही कल्याण-ठाण्याच्या शेजारची सात बेटे होती, बस्स. मग हजार-दीड हजार वर्षे ज्या गावाकडे लोक जात होते त्या गावातून रोज सकाळी लाखो लोक बाहेर का पळत सुटले? मास्तरांना हा प्रश्न विचारला, की ते "घाटकोपर आलं का?" असे विचारतात.

त्या काळी मुंबईला जायचे तर होडीने, नाहीतर बैलगाडीने. होडी भरतीची वाट बघायची आणि बैल त्याच्या मर्जीची. मात्र होडीला किंवा बैलगाडीला लटकून गेल्याची नोंद कुठे नाही.

रेल्वे आली ती माणसांची सोय व्हावी म्हणून आली, असा जर कोणाचा समज असेल तर त्याने तो काढून टाकावा. ती आली कापसासाठी. १८४६ साली अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे धाबे दणाणले, आणि वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबई बंदरात झटपट कसा येईल याची काळजी विलायतेत सुरू झाली. १८४९ साली पार्लमेंटने कायदा करून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन केली. इकडे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई या मातबर मंडळींनी तिच्यामागे वजन उभे केले, जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनिअर झाले, फॅव्हिएल आणि फाउलर यांना ठेका मिळाला, आणि १८५० साली शीवला पहिली कुदळ पडली. आम्ही कॉमर्सचे पदवीधर असल्यामुळे आम्हाला हा हिशेब ताबडतोब कळतो. मूळ धंदा कापसाचा. प्रवासी हे 'इतर उत्पन्न'. कापूस गाठी बांधून, दाबून, डब्यात ठासून भरतात. माणसे भरण्याची रीत रेल्वेने कोठून घेतली असेल याबद्दल आम्हाला फारशी शंका राहिलेली नाही.

पहिली गाडी निघाली १६ एप्रिल १८५३ रोजी. आम्ही जुने कॅलेंडर मांडून पाहिले. वार शनिवार, आणि महिन्यातला तिसरा शनिवार. म्हणजे आजच्या नियमाने बँका चालू! दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी आम्हाला २०१५ साली मिळाली, पण इतिहास घडतो तो नेमका तिसऱ्या शनिवारी. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी, एकवीस तोफांची सलामी घेऊन, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे बोरीबंदरहून ठाण्याला निघाले. गाडीला तीन इंजिने होती. त्यांची नावे साहेब, सिंध आणि सुलतान. सिंध आणि सुलतान यांच्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण 'साहेब' नावाचे काही स्वतः पुढे होऊन मागच्यांना ओढते, हे वाचून आमच्या काउंटरवर बराच वेळ शांतता पसरली होती. आमच्याकडे साहेबाला मागून ढकलावे लागते.

चारशे भागिले चौदा. दर डब्याला साडेअठ्ठावीस माणसे. आता तेव्हाचे डबे लहान होते हे मान्य. पण साडेअठ्ठावीस माणसे आमच्या डब्यात एका दारात असतात, आणि त्यातला तो अर्धा माणूस म्हणजे ज्याचा अर्धा भाग बाहेर असतो तो. रेल्वेच्या शास्त्रात गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसे. एक चौरस मीटर म्हणजे आमच्या घरच्या कॅरम बोर्डाहून थोडासाच मोठा चौकोन. त्यावर सोळा सोंगट्या सुद्धा मोकळ्या-ढाकळ्या बसतात असे नाही.

ती पहिली गाडी चौतीस किलोमीटरला किती वेळ घेती झाली याबद्दल मात्र इतिहासाच्या वह्या जुळत नाहीत. कोणी सत्तावन्न मिनिटे म्हणतात, कोणी सव्वा तास. वाटेत शीवला इंजिनाला पाणी पाजायला गाडी थांबली होती. तो वेळ धरायचा की नाही, यावर हा फरक असावा असे आमचे मत आहे. बँकेत असा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत बसवून ठेवतात. पण सत्तावन्न मिनिटे हा आकडा खरा धरला तर एक गोष्ट ध्यानात येते आणि ऊर भरून येतो. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली स्लो गाडी ठाण्याला पोचायला साधारण तासच घेते! पावणेदोनशे वर्षांची परंपरा इतक्या निष्ठेने सांभाळणारी संस्था आमच्या पाहण्यात दुसरी नाही. (स्लो गाडी मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबते, असे सांगून हा आनंद हिरावून घेणारे लोक असतातच.)

ठाण्याला तंबू ठोकून फराळाची जंगी व्यवस्था होती. पाहुणे खाऊन-पिऊन त्याच संध्याकाळी मुंबईला परत गेले. भारतातल्या पहिल्या चारशे रेल्वे प्रवाशांपैकी एकाच्याही मनात 'इथेच एखादी जागा बघून ठेवावी' असे आलेले दिसत नाही. पुढचे सगळे त्यामुळे आमच्यावर आले.

ठाण्यापर्यंत गाडी आली आणि बरोबर एक वर्ष पंधरा दिवसांनी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोचली. मध्ये ठाण्याची खाडी होती, तिच्यावर पूल बांधले. पारसिकचा डोंगर होता, मुंब्र्याकडून वळसा घालून त्यातून वाट काढली. हाताशी होते घमेले, कुदळ, सुरुंगाची दारू आणि माणसांचे हात. त्यात किती हात गेले याचा हिशेब कोणी तोफांच्या सलामीइतक्या काळजीने ठेवला नाही. पुलाच्या पायात नरबळी देतात अशी वदंता तेव्हा आयाबायांत होती म्हणतात. मुलांना घरात लपवून ठेवत. आपण हसतो त्यांना. पण त्या बायांना रेल्वेबद्दल काही एक अंदाज आला होता, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

पुढे १८६३ साली बोर घाट आणि १८६५ साली थळ घाट फुटला, कल्याण जंक्शन झाले, आणि पुण्याची आणि नाशकाची गाडी जिथे एकमेकींना भेटतात ते ठिकाण म्हणून कल्याणने जी छाती काढली ती अजून आत घेतलेली नाही. डोंबिवली नावाचे खेडे मात्र भातशेतीतून धूर बघत बसले होते. १८५४ साली कल्याणकडे जाणारी गाडी डोंबिवलीला थांबत नव्हती. डोंबिवलीला न थांबणाऱ्या गाडीबद्दल वाटणारा जो संताप आमच्या रक्तात आहे, तो असा वडिलोपार्जित आहे.

आता वेळेची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यांत प्रिय आहे, कारण आमच्या नोकरीचा सगळा जीव मस्टरच्या वेळेत अडकलेला असतो. पूर्वी प्रत्येक शहराची आपापली वेळ असे. मुंबईची वेळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे. रेल्वे मात्र मद्रासच्या घड्याळावर चाले, आणि ते घड्याळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. १९०६ साली सरकारने सबंध देशाला एकच प्रमाणवेळ दिली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. रेल्वेने ती ताबडतोब घेतली. मुंबईकर म्हणाले, आम्ही नाही घेत जा! गिरणी कामगारांनी आरडाओरडा केला, कारण पहाटेचा भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार होता. पालिकेने आपली जुनी मुंबई वेळच चालू ठेवली, आणि ही दोन घड्याळांची गंमत शहरात कुठे ना कुठे १९५५ पर्यंत चालली.

वाचकहो, विचार करा. कल्याणचा एक कारकून सकाळी रेल्वेच्या घड्याळात आठ एकोणचाळीसला गाडीत बसतो. कुठेतरी एकोणचाळीस मिनिटांच्या अंतरावर उतरतो. आणि समोरच्या पालिकेच्या घड्याळात वाजलेले असतात आठ एकोणचाळीस! प्रवासाला शून्य मिनिटे! बुलेट ट्रेनला जे जमायचे नाही ते आमच्या पणजोबांना नुसत्या दोन घड्याळांत जमत होते. आणि लेट झाला तरी साहेबापुढे नम्रपणे म्हणायचे, "सर, आपण कुठली वेळ धरलीय?" हे सुख १९५५ साली संपले, आणि संपले त्यासाठी कोणी साधा मोर्चासुद्धा काढला नाही.

विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी सुरू झाली आणि दशक संपायच्या सुमाराला विजेच्या तारा कल्याण ओलांडून पुण्याला पोचल्या. त्या विजेसाठी ठाकुर्लीला चोळे गावाच्या नावाने पॉवर हाउस उभे राहिले. तिकडे कोळसा जळायचा आणि इकडे पंजाब मेलपासून लोकलपर्यंत सगळे पळायचे. आमचे आजोबा साठ-सत्तरच्या दशकात गिरगावातली दीड खोली सोडून डोंबिवलीला आले, तेव्हा त्यांच्या भावकीने त्यांना निरोप दिला तो काशीला जाणाऱ्याला देतात तसा. गिरगावात पागडी द्यायला पैसा नव्हता. डोंबिवलीत त्याच पैशात ब्लॉक मिळत होता, वर विहीर आणि पेरूचे झाड. गिरगावात, दादरला, परळला घरात न मावणाऱ्या सगळ्या मराठी कारकुनांनी हाच हिशेब केला. प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता. सगळ्यांची बेरीज मात्र गाडीत झाली. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात गेली.

या साडेबारा लाखांनी गाडीत जो संसार थाटला त्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा नाही, म्हणून इथे देतो. डोंबिवलीला बसायला मिळावे म्हणून उलट्या दिशेने कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत यायचे, याला 'डाऊन करून येणे' म्हणतात. मुंबईला जाण्यासाठी आधी मुंबईपासून लांब जाणारा हा जगातला एकमेव समाज असावा. तीन माणसांच्या बाकावर जो अर्ध्या मांडीने टेकतो ती 'चौथी सीट'; तिच्यावर बसलेला माणूस कायद्याने बसलेला आणि शरीराने उभा असतो. कर्जत-बदलापूरची गाडी डोंबिवलीला आली, की आतले लोक दाराशी भिंत बांधून उभे राहतात आणि डोंबिवलीकर त्या भिंतीला धडका देतात. भारत-पाकिस्तानची चर्चा करणारे दोघे या एका बाबतीत मात्र पूर्ण शत्रू असतात. डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळ असते. टाळांना हलायला जागा नसते, म्हणून एक जण टाळ धरतो आणि गाडीचे धक्के तो वाजवतात. दसऱ्याला डब्याला झेंडूचे तोरण लागते, आणि ज्या दाराने आपले तीन शर्ट फाडले त्याच दाराला आपण हळदकुंकू लावतो.

बायकांच्या डब्याची बातमी आमच्यापर्यंत सौ.च्या मार्फत येते. तिथे गवार मोडली जाते, मटार सोलले जातात, भिशी निघते, सुनेची आणि सासूची सुनावणी एकाच बाकावर होते. १९९२ साली कल्याणसाठी लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मराठी घरांत संध्याकाळची भाजी अर्ध्या तासाने लवकर शिजू लागली असणार. सौ. म्हणते, "तुम्ही पुरुष गाडीत नुसते पत्ते खेळता, देशाची परिस्थिती बिघडली म्हणता आणि घरी येता. आम्ही निवडलेली मेथी घेऊन येतो." या विधानाला उत्तर नाही.

आणि बोगदा! पारसिकचा मोठा बोगदा १९१६ साली झाला, एक हजार तीनशे मीटर लांब, मुंब्र्याचा वळसा वाचवणारा. फास्ट गाडी त्यात शिरली, की डब्यातले पोक्त, दोन मुलींचे बाप, कॉलेजातल्या पोरांसारखे हुर्रर्र करून ओरडायचे. कोण ओरडले ते अंधारात दिसत नाही, हे त्या बोगद्याचे खरे उपयोगमूल्य. ऑफिसात दिवसभर न बोललेले सगळे त्या एक-दीड मिनिटात बोलून व्हायचे आणि कळव्याच्या उजेडात चेहरे परत पासवरच्या फोटोसारखे. २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन पूर्ण झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला, आणि फास्ट लोकल नव्या रुळांवरून मुंब्र्याच्या वळणाने जाऊ लागल्या. ही लाइन मंजूर झाली २००८ च्या सुमारास. नऊएक किलोमीटरला चौदा वर्षे. क्लार्कच्या भांडुपातल्या विचारापासून पहिल्या गाडीपर्यंत सगळी मिळून दहा वर्षे लागली होती.

याच मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्हींच्या दारात माणसे लटकलेली होती. त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना लागल्या असे म्हणतात. माणसे रुळांवर पडली, आणि त्यांतले चौघे त्याच दिवशी गेले. सोमवार होता. प्रत्येकाच्या बॅगेत डबा असणार. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या डब्यात भजन झाले नाही. मुंब्रा आले तेव्हा दारातल्या पोरांना मागच्यांनी न सांगता शर्टाला धरून ठेवले होते, आणि पोरांनी धरू दिले.

मग दारांची चर्चा सुरू झाली. एसी लोकलला आपोआप बंद होणारी दारे आहेतच. साध्या गाडीलाही बसवायची, असे ठरले. आमच्या डब्यात यावर दोन तट पडले. एक म्हणतो, दारे हवीत, जीव वाचतील. दुसरा म्हणतो, गुदमरून मरू. मास्तरांनी तिसराच प्रश्न विचारला, "दार लागल्यावर जे दारात होते ते कुठे जाणार?" पुढच्या गाडीने, असे कोणीतरी म्हणाले. "आणि पुढच्या गाडीच्या दारातले?"

हा प्रश्न रेल्वेलाही पडलेला दिसतो. मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्याच मुंबईतल्या ऑफिसची वेळ दोन भागांत विभागली; निम्म्यांनी लवकर यायचे, निम्म्यांनी उशिरा. इतर कचेऱ्यांनाही पत्रे लिहिली, की बाबांनो, सगळे एकदम दहाला बोलावू नका. आम्ही ते वाचले आणि आम्हाला ती एकोणचाळीस मिनिटे आठवली. १९०६ साली ज्याला मुंबईचा हट्ट म्हणून लोक हसले, ते औषध म्हणून परत आले होते.

आम्ही तसा अर्ज केला. आमची बँक कोणती ते सांगत नाही. सगळ्याच बँका आपापल्या जागी थोर आहेत. डोंबिवलीच्या सात जणांनी सह्या केल्या, कल्याणच्या चार, ठाण्याच्या दोघांनी "आम्हाला बसायला मिळतं" म्हणून केल्या नाहीत. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण कस्टमरचं काय? कस्टमर दहालाच येतो."

ते खरे आहे. दहाला शटर उघडते तेव्हा कस्टमर दाराशी उभा असतो. शर्ट चुरगळलेला, बॅग छातीशी धरलेली. आमची सकाळची ओळख असते. तोही डोंबिवलीहूनच आलेला असतो.